शंकू कोण उचलणार?

स्पोर्ट्स कार मालकांच्या क्लबवर आम्ही लिहितोय म्हटल्यावर काही मित्रांच्या भुवया उंचावतील. ज्यांच्या दारात हप्त्यावरची दुचाकी उभी आहे, त्यांनी पोर्शेवाल्यांच्या हौशीशी काय देणंघेणं ठेवायचं? प्रश्न रास्त आहे. पण संघटना कशी चालते हे शिकायला आम्हाला कुठलीच जागा वर्ज्य नाही.

विदर्भातून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेला आमचा एक मित्र सुट्टीच्या दिवशी ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’च्या स्थानिक शाखेत जातो. त्याची गाडी म्हणजे जुनी, सेकंडहँड मिआटा. हा क्लब १९४४ साली बोस्टनमध्ये सुरू झाला, आज देशभर त्याच्या शंभरावर शाखा आहेत. त्यांचा सगळ्यात स्वस्त खेळ म्हणजे ऑटोक्रॉस. मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसे नारिंगी शंकू मांडायचे आणि त्यातून वाट काढत एकेकाने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची. शंकू पडला किंवा खडूने आखलेल्या चौकोनाबाहेर सरकला, की वेळेत दोन सेकंद वाढले.

आता महत्त्वाचा मुद्दा. पडलेला शंकू उचलतो कोण? पगारी माणूस नाही. दिवसाचे गट पाडलेले असतात. एक गट गाडी चालवतो तेव्हा दुसरा गट उन्हात वळणावळणावर उभा राहतो. शंकू जागेवर ठेवणं, कुणाचे किती पडले ते वायरलेसवर कळवणं, धोका दिसला तर लाल झेंडा दाखवणं ही त्याची कामं. मग अदलाबदल. बहुतेक शाखांत काम चुकवलं, तर तुमच्या फेऱ्या मोजल्याच जात नाहीत. पहिल्या दिवशी मित्राने आम्हाला फोन केला. म्हणाला, “दादा, मी पाडलेला शंकू उचलायला ज्याची गाडी माझ्या गाडीच्या दहापट किमतीची, तो माणूस पळत गेला. इथं साहेबच शंकू उचलतो!”

तो साहेब फार थोर मनाचा असेल असं समजायचं कारण नाही. त्याचं नाव पाळीच्या यादीत होतं, एवढंच. आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. तिथली मैत्री भाषणातून आलेली नाही, पाळीतून आली आहे. ज्याच्याशी स्पर्धा आहे तोच तुमचे शंकू मोजतो आणि तुम्ही त्याचे. त्यामुळे खोटं बोलायची सोय उरत नाही, आणि हळूहळू गरजही. नवख्याला हेल्मेट क्लबकडून मिळतं, टायरची हवा मोजायचं यंत्र शेजारचा देतो, आणि चार वर्षं खेळलेला माणूस शेजारच्या सीटवर बसून वळण कसं घ्यायचं ते सांगतो. हरला तरी उद्या पाना त्याच्याकडूनच मागायचा असतो.

जात म्हणजे कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. त्या पार्किंगमध्ये काम विभागलं जातं, माणसं विभागली जात नाहीत. सकाळचा चालक दुपारी झेंडेवाला असतो.

पण मित्रहो, भारावून जायचं नाही. प्रश्न फक्त आत काय चालतं हा नाही, आत येतो कोण हाही आहे. मोटारमालकांच्या क्लबांचीच मिळून बनलेली ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ त्या काळी शर्यतींना मान्यता द्यायची. १९१० साली बॉक्सिंगचा कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याच्याशी शर्यत लावली म्हणून तिने बार्नी ओल्डफील्ड या गोऱ्या चालकाला निलंबित केलं. इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीचे दरवाजे बंद होते म्हणून कृष्णवर्णीयांनी त्याच शहरात १९२४ साली आपली स्वतंत्र शर्यत उभी केली. ती अनेकदा जिंकणारा चार्ली विगिन्स हा अव्वल मेकॅनिक. १९३४ साली एका गोऱ्या चालकाच्या गाडीवर काम करायला तो बंद दरवाज्याआड गेला, पण कसा? झाडूवाला म्हणून! दिवसा झाडू, रात्री इंजिन. ती गाडी त्या वर्षी जिंकली. त्या शर्यतीत पहिला कृष्णवर्णीय चालक पात्र ठरायला मात्र १९९१ साल उजाडलं.

एकीकडे पाळीने शंकू उचलणारा श्रीमंत, दुसरीकडे पोट आणि हुनर सांभाळायला झाडू धरावा लागलेला विगिन्स. दोघंही वाकलेच. पण पहिल्याचं काम उद्या दुसरा करणार होता, विगिन्सचं कुणीच करणार नव्हतं. स्वयंसेवा आणि वेठ यांतला फरक एवढाच आहे, आणि एवढा मोठा आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं केली, तिला कुणी स्वयंसेवा म्हणेल का? त्या वतनी कामाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. म्हणून कुणी ‘सेवाभाव’ शब्द उच्चारला, की आम्ही आधी विचारतो : पाळी आहे का?

हाच प्रश्न आता स्वतःलाही विचारूया. १४ एप्रिलला मंडपात खुर्च्या मांडतं कोण आणि बसतं कोण? सतरंज्या दरवर्षी त्याच चार पोरांनी का झटकायच्या? शिबिरात भाकऱ्या थापणाऱ्या भगिनींना चर्चासत्रातला एक तरी तास सलग मिळतो का? वक्त्याने भाषणानंतर पाण्याचा जार उचलल्याचं आपण कितीदा पाहिलं? ‘कार्यकर्त्यांनी निष्ठेने राबावं’ हे वाक्य स्टेजवरूनच का येतं?

कुणी म्हणेल, नेत्याचा वेळ मोलाचा आहे. असेलही. पण पोर्शेवाल्याचा वेळही स्वस्त नसतो. तरी तो अर्धा दिवस उन्हात उभा राहतो, कारण न राहिल्यास त्याची फेरी रद्द होते. आपल्याकडे न राबणाऱ्याचं काहीच रद्द होत नाही. उलट त्याचं नाव बॅनरवर मोठं होतं.

बंधुतेशिवाय समता आणि स्वातंत्र्य वरवरची राहतील, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला. ती बंधुता एका हौशी क्लबाने पाळीच्या यादीवर उभी केली असेल, तर विचारांचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला ते अवघड का जावं? पुढच्या कार्यक्रमाआधी एवढंच करा : एक कागद भिंतीवर लावा. खुर्च्या, पाणी, स्वयंपाक, झाडू, माइक, भाषण ही सगळी कामं एकाच यादीत लिहा. अध्यक्षापासून कालच आलेल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं त्यात फिरती ठेवा. आणि पहिल्या पाळीत झाडूसमोर अध्यक्षांचं नाव असू द्या.

जय भीम!