सुईचा हिशेब

दिवाळी अंकात दवाखान्यातल्या घाणीचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील. पण धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि त्याच सांजेला यमासाठी दक्षिणेकडे दिवा लावतो. त्या दोघांची गाठ जेथे पडते, त्या जागेविषयी या सणात बोलणे वावगे नव्हे.

दवाखान्यांच्या कचऱ्याला कायदा नाही असे नाही. १९९८ साली नियम झाले. २०१६ साली ते नव्याने बांधले गेले. रक्ताळलेल्या बोळ्यांना पिवळी पिशवी, नळ्यांना तांबडी, काचेला निळी खूण आणि सुयांना पांढरा, न भेदणारा डबा. पिशवीवर बारकोड हवा. प्रक्रिया न करता ती अठ्ठेचाळीस तासांहून अधिक ठेवायची नाही. दवाखान्यापासून भट्टीपर्यंत तिचा माग लागतो. मग अधिकारी म्हणतात, आता सारे नजरेखाली आले!

माझे भांडण नेमके येथे आहे. नजरेखाली आली ती पिशवी. जी सुई पिशवीत पडलीच नाही, तिचा माग कोणता बारकोड काढणार?

जळगावच्या सराफांना विचारा. तेथे गुंजभर सोन्याचा हिशेब असतो. एवढेच नव्हे, दुकानाबाहेरच्या गटारातली मातीही झारेकरी धुऊन पाहतो. सांडलेले सोने शोधायला माणूस आहे. सांडलेली सुई शोधायला कोणी नाही. ती सापडते ती जळगावात काय, धुळ्यात काय, घंटागाडीवरच्या कामगाराला किंवा भंगार वेचणाऱ्या बाईला, आणि तीही तळहातात! दवाखान्याने कचरा हाताळणाऱ्या आपल्या माणसांना कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यावी, असे नियम सांगतो. ही बाई त्या दवाखान्याची कोण? तिचे नाव कोणत्याच वहीत नाही.

हे भय पोकळ नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे कावीळ-ब ची जीवघेणी साथ आली, तेव्हा वापरलेल्याच सिरिंज पुन्हा टोचल्या जात असल्याचे उघडकीस आले.

कोणी म्हणेल, कचऱ्यातली सुई घरच्या इन्सुलिनचीही असेल. असेल! तर ती जाड डब्यात बंद करून, खूण करून वेगळी द्या. पण घरच्या दहा सुयांच्या आडून दवाखान्याच्या हजार सुया निसटता कामा नयेत.

उपाय अवघड नाही. दवाखान्याने किती सुया विकत घेतल्या हे बिलावर असते. पांढऱ्या डब्यांतून किती परत गेल्या हे वजनावरून ताडता येते. हे दोन आकडे शेजारी मांडा. तफावत दिसली की विचारा. दवाखान्यांनी कचऱ्याचा वार्षिक अहवाल आपल्या संकेतस्थळावर लोकांपुढे ठेवावा, असे नियमच म्हणतो. मग आपण तो मागत का नाही? दवाखान्यात शिरताना आपण डॉक्टरांची पदवी वाचतो. मागच्या दाराने काय बाहेर जाते, हे विचारायला मात्र लाजतो.

पिशव्या मोजून सरकार सुटेल. टोचलेला हात सुटत नाही.