नसांच्या दुखण्याची गोळी समजावून द्या

मधुमेहामुळे रात्रभर तळपायांची आग होणारे, नागीण बरी होऊन महिने लोटले तरी बरगडीवर सदरा टेकू न देणारे, घास चावताना गालात वीज चमकल्यासारखी कळ येते म्हणून जेवण सोडलेले असे रुग्ण माझ्या औषधाच्या दुकानात नेहमी येतात. त्यांच्या चिठ्ठीवर प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, कार्बामाझेपिन यांपैकी एखादे नाव असते. ही औषधे चांगली आहेत, जगभर वापरात आहेत. तरीही आपल्याकडे ती निम्म्यावर सोडली जातात किंवा वर्षानुवर्षे आंधळेपणाने गिळली जातात. याचा दोष मी ती देण्याच्या पद्धतीला देतो, आणि त्यासाठीच हे पत्र.

रुग्णाच्या लेखी 'नसांची गोळी' म्हणजे ताकदीची गोळी. ती काय करते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. गुडघा सुजला तर डायक्लोफेनॅकने उतार पडतो, कारण तिथे सूज असते. इथे नसच बिघडलेली असते आणि काही लागले-खुपले नसतानाही ती मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवत राहते. तिथे नेहमीची वेदनाशामके फारशी चालत नाहीत. उलट मधुमेही माणसाने ती रोज घेतली तर मूत्रपिंडाला धोका. म्हणून नस शांत करणारी औषधे लागतात, आणि ती वैद्यकाला सापडली फिट्स व नैराश्याच्या उपचारांतून. कार्बामाझेपिन 1953 साली स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीत तयार झाले. 1962 मध्ये स्वीडनच्या ब्लोम या डॉक्टरांनी ते चेहऱ्याच्या नसेच्या कळेवर चालते हे दाखवले. अॅमिट्रिप्टिलीन 1961 पासून नैराश्यासाठी वापरले जाते. वेदनेसाठी त्याचा डोस त्याहून बराच कमी असतो.

एवढे दोन वाक्यांत सांगितले जात नाही, म्हणून पुढचे घडते. मुलगा मोबाइलवर गोळीचे नाव शोधतो, 'डिप्रेशन' हा शब्द वाचतो आणि पट्टी परत घेऊन येतो: "आईला वेड लागलंय का? ही कसली गोळी दिलीय?" त्या माउलीचे पाय जळतच राहतात. 'सांगितले तर रुग्ण घाबरतो' असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना माझे नम्र सांगणे आहे की तो न सांगितल्यानेच अधिक घाबरतो.

दुसरी गोष्ट वेळेची. अॅमिट्रिप्टिलीन रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवायचे असते आणि गुण दिसायला काही आठवडे लागतात. झोपाळूपणा आणि तोंडाला कोरड मात्र पहिल्याच दिवसापासून. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. हे माहीत नसलेला माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडतो आणि 'काही उपयोग नाही' म्हणतो. आरामाचे मापही आधी सांगायला हवे. 2015 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त शेकडो चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार अॅमिट्रिप्टिलीनच्या गटातले औषध साधारण चौघांना दिले तर नुसत्या खोट्या गोळीपेक्षा एका जादा माणसाचे दुखणे निम्म्यावर येते. प्रेगाबालिनसाठी तोच आकडा आठच्या जवळ जातो. दुखणे साफ जाईल असे कोणतेही औषध वचन देत नाही. पण निम्मे दुखणे गेले आणि रात्रीची झोप परत आली, तर त्याचे मोल ज्याला हे भोगावे लागते त्याला विचारा.

आता आपल्या बाजारातल्या जोडगोळ्या. प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन एकत्र. कधी त्यात नॉरट्रिप्टिलीनही. डोस हळू चढवण्याचे जे मर्म, तेच इथे मोडते: एक औषध वाढवायला गेले की दुसरेही वाढते, कमी करायचे तर दोन्ही कमी. चक्कर आली तर ती कशाने आली हेही कळत नाही. प्रेगाबालिन आणि गाबापेंटिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला डोस कमी लागतो. असे रुग्ण आपल्याकडच्या मधुमेहींत थोडे नाहीत. डोस तसा बेतला, तर पायावर सूज, तोल जाणे, रात्री न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडणे, यांतले बरेच टाळता येईल. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि शाकाहारी माणसांत त्याची कमतरता खरोखर असते आणि तिनेही नसा बिघडतात. पण मग रक्त तपासून, कमी असेल तर ते वेगळे आणि पुरेसे द्यावे. न तपासता प्रत्येक कॅप्सूलमध्ये घातले की खरे निदानच झाकले जाते. अनेक दुकानांत एकेरी प्रेगाबालिन मागितले तर शोधावे लागते आणि जोडगोळी मात्र समोरच असते, हे आमच्या धंद्याला शोभत नाही.

या औषधांची दुसरी बाजूही आहे. प्रेगाबालिनचा नशेसाठी गैरवापर होतो. ब्रिटनने एप्रिल 2019 पासून ते व गाबापेंटिन नियंत्रित औषधांत घातले; पंजाबात काही जिल्ह्यांत जास्त डोसच्या कॅप्सूलच्या विक्रीवर बंधने आली. चिठ्ठीशिवाय ते विकणारा दुकानदार माझा व्यवसायबंधू असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा ट्रामाडॉलसोबत हे औषध श्वास मंदावू शकते. पण सरसकट बंदीची मागणी करणाऱ्यांनी पाय जळणाऱ्या माणसाकडे एक रात्र बसून पाहावे. विक्रीची नोंद काटेकोर करा, खऱ्या रुग्णाची गोळी तोडू नका.

माझी मागणी साधी आहे. या पाच औषधांपैकी कोणतेही लिहिताना डॉक्टरांनी अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी द्यावी: गोळी कशासाठी, किती दिवसांनी गुण येईल, कशी वाढवायची, कशी उतरवायची, काय झाले तर लगेच यायचे. वेळ नाही ही अडचण खरी आहे, म्हणूनच ती छापील असावी. वैद्यकीय संघटनांनी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तिचा एक नमुना तयार करावा. आम्ही औषधविक्रेते तो पट्टीसोबत देऊ.

तोवर वाचकांना विनंती: प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन मनाने एकदम बंद करू नका, झोप उडते, घाम येतो, मळमळते, फिट्सचा त्रास असणाऱ्याला झटकाही येऊ शकतो. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ आले किंवा तोंड आले, तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि पुढच्या तपासणीला जाताना सगळ्या पट्ट्या व क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या.

– एक औषधविक्रेता, सांगली जिल्हा