फिल्टर कुठचा घ्यायचा, ते आधी पाण्याला विचारा

मालवणकरांनो, पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा.

आपल्या नळाला येणारं पाणी धामापूरच्या तलावातलं. १५३० साली, विजयनगरच्या काळात नागेश देसाईंनी बांधलेला तलाव. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, तेव्हा आपण अभिमानाने फोटो टाकले. पण त्या तलावातून पेल्यात येईपर्यंत पाण्याचं काय होतं, याची गजाल कोण करतो? 'पाणी येता मां? मग झाला!'

जलशुद्धीकरणाचा फिल्टर निवडायची वेळ आली की कुठल्याही पालिकेत पहिला प्रश्न येतो किमतीचा, दुसरा ठेकेदाराचा. पाण्याचा प्रश्न शेवटी.

मंद गतीच्या वाळूच्या फिल्टरला वीज-रसायन फारसं लागत नाही. वाळूवर धरलेला जिवंत थरच जंतू अडवतो. पण तासाला जेमतेम दहा-वीस सेंटीमीटर पाणी उतरतं, म्हणून जागा भरपूर हवी, आणि गढूळ पाण्याने तो तुंबतो. रॅपिड सॅण्ड फिल्टर तासाला पाचेक मीटर पाणी गाळतो. मात्र तुरटीचा डोस चुकला किंवा वेळेवर बॅकवॉश झाला नाही, तर गढूळ पाणी सरळ पुढे जातं. मेम्ब्रेन सर्वात बारीक गाळते, पण तिला अखंड वीज, सुटे भाग आणि जाणकार माणूस लागतो.

१८९२ मध्ये हॅम्बुर्गला कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसं मेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, उलट हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं जास्त घाण पाणी घेत होतं. पण वाळूतून नीट गाळून देत होतं, म्हणून बरंचसं वाचलं. महागडं यंत्र नव्हतं, साधी वाळूच होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुलैत लाल पाणी आलंय, वीज गेलीय आणि ड्युटीवर एकच माणूस आहे, त्या रात्री जो चालेल तोच फिल्टर आपला.

त्यासाठी तीन गोष्टी मागूया. मे महिन्यातलं शेवाळ आणि पावसाळ्यातला गाळ धरून वर्षभर पाण्याची तपासणी. टेंडरमध्येच पाच वर्षं प्लांट चालवून दाखवायची अट. आणि रोजचा गढूळपणा व क्लोरीनचा आकडा पालिकेच्या फलकावर. गढूळपणा १ एनटीयूच्या आत असावा, असं भारतीय मानकच सांगतं.

पर्यटक बाटली विकत घेतो. दांडी-मेढ्यातलं पोर नळाचंच पितं. निवड त्याच्यासाठी करायचीय.

पटलं तर तुमच्या नगरसेवकाला पाठवा.