डोळ्यांत तेल घालून तेलाची गळती शोधा

मृगाच्या सरी जवळ आल्या की वर्षभर शेडात किंवा ताडपत्रीखाली उभा असलेला जुना लहान ट्रॅक्टर बाहेर निघतो. तो पुढे सरकला की मागे जमिनीवर एक काळा डाग दिसतो. घरातले जुनेजाणते म्हणतात, "जुनं मशीन आहे, थोडं टिपकणारच." मग वरून अर्धा लिटर ऑइल ओतले जाते आणि काम चालू होते. ही सवय आपल्या भागात फार मुरली आहे आणि ती महागात पडते, म्हणून पावसाच्या तोंडावर याच विषयावर चार शब्द सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

ठाण्यातला घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा केव्हाच शहरात जमा झाला. कल्याण-शीळ रस्त्यावरचा, डोंबिवलीजवळचा मानपाडा मात्र अजून अर्धा गाव, अर्धा शहर आहे. एका बाजूला एमआयडीसी आणि इमारती, तर दुसरीकडे संदप, भोपर, निळजे, हेदुटणे या अंगाला उरलेली भाताची खाचरे. १९८३ साली ही २७ गावे महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली आणि २०१५ साली पुन्हा आत गेली. या जा-ये मध्ये शेती करणारा माणूस कोणाच्याच यादीत नीट बसला नाही. जमिनीचे तुकडे गुंठ्यांवर आले, बैलजोड्या दावणीतून गेल्या. अशा खाचरात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, बांध मोडतो आणि चिखलात रुततो. म्हणून १५ ते २० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर हाच इथला बैल. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत फिरणारा मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी घ्या, नाहीतर एका सिलिंडरचा युवराज २१५ घ्या, असल्या लहान यंत्रांवरच लहान शेतकऱ्याची भिस्त आहे. गावात असा ट्रॅक्टर एखाददुसरा असतो आणि चिखलणीला आठ-दहा घरे त्याची वाट बघत असतात.

आता हिशेब बघा. तेलाचे वीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर. दर पाच सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला ७२० थेंब, म्हणजे सुमारे ३६ मिलिलिटर. आठ तासांच्या चिखलणीत पाव लिटरहून जास्त तेल गेले. चार दिवसांत लिटर उलटला. लहान इंजिनात सगळे मिळून तीन-चार लिटरच्या आसपास तेल असते. त्यातले लिटरभर गेल्यावर बांध चढताना ट्रॅक्टर कलला की चेंबरमधले तेल एका बाजूला जाते, पंपाची जाळी उघडी पडते आणि तेलाऐवजी हवा ओढली जाते. क्रँकचे बेअरिंग तेलाविना किती वेळ टिकणार? इंजिन जाम झाले की क्रँक घासण्यापासून सगळा खर्च आला, आणि तोही ऐन लावणीत. तीन-साडेतीन आठवड्यांचे आवण वेळेत लागले तर चांगले फुटते. मिस्त्रीची वाट बघत ते रोपवाटिकेतच जून झाले तर फुटवे कमी येतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसेच थेंबे थेंबे चेंबरही रिकामे होते.

गळती थांबवायची तर आधी ती कशाची आहे हे ठरवा. डिझेल इंजिनातले तेल थोड्याच तासांत काळे होते. गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल मधासारखे राहते, त्यात पाणी शिरले तर चहासारखे दुधाळ होते. डिझेल पातळ असते, वासावरून कळते. बोटावर घ्या, पांढऱ्या कागदावर टिपा. मग ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी बघा. पातळी रोज उतरत असेल तर इंजिनाचेच तेल जाते आहे. पातळी न उतरता वर चढत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाकडून किंवा इंजेक्शन पंपाकडून डिझेल आत उतरते आहे. हे जास्त घातक, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगला सांभाळत नाही. असा ट्रॅक्टर तिथेच बंद ठेवा. आणि वरच्या खुणेच्याही वर तेल भरायची हौस असेल तर ती सोडा. जादा तेल घुसळून फेसाळते आणि सीलमधून वाट काढते.

पुढची पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे, ती म्हणजे धुणे. वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर इंजिनावर बसलेला असताना गळती शोधणे म्हणजे चिखलात पडलेली सुई शोधणे. इंजिन गार असताना ब्रश, पत्र्याची पट्टी आणि साबणाचे पाणी घेऊन वरपासून खालपर्यंत साफ करा. एअर क्लीनरचे तोंड, डायनामो आणि सेल्फ प्लास्टिकने झाका. सर्व्हिसिंगच्या पंपाचा फवारा थेट सीलवर मारू नका, पाणी आत शिरते. वाळल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरा. तेल जिथून निघेल तिथे त्या पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. खाली जुने पुठ्ठे पसरा आणि कुठला थेंब कुठल्या भागाखाली पडला त्यावर खूण करा.

मग इंजिन चालू करा, पण आधी जिवाची काळजी. गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड लावलेले. लुंगी, उपरणे, सैल बाही, ओढणी हे पंखा आणि पट्ट्याजवळ नको. पोरांना लांब ठेवा. हात घालून चाचपायचे नाही. बॅटरीचा उजेड आणि दाढीचा लहान आरसा पुरतो. पाच मिनिटे गार इंजिनावर बघा, अर्ध्या तासाने गरम झाल्यावर बघा, आणि एकदा शेतात ओझे देऊन आणल्यावर बघा. काही गळत्या गार असताना दिसतात, काही तेल पातळ झाल्यावरच सुरू होतात.

यातला मुख्य नियम सर्वांनी पाठ करावा असा आहे. तेल गळते एकीकडे आणि टिपकते दुसरीकडे. ते वरून खाली ओघळते आणि पंख्याचा वारा त्याला पुढून मागे ढकलतो. म्हणून खालचा थेंब बघून निदान करू नका. ओल धरून वर वर जा आणि सर्वांत वरची, सर्वांत पुढची ओली जागा शोधा. खरी खोड बहुतेक वेळा तिथेच असते.

तपासायच्या जागा वरून मोजा. आधी टॅपेट कव्हर. त्याचे पॅकिंग कडक होऊन चिरते आणि गरम सायलेन्सरकडे तेल उतरले की जळका वास येतो. मग इंजिन हेड आणि ब्लॉक यांचा सांधा. त्यानंतर तेलाच्या दाबाचा स्विच किंवा मीटरला जाणारी बारीक नळी. तिथे तेल दाबाने असते, त्यामुळे केसाएवढी चीर बादलीभर घाण करते. मग ऑइल फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा बसवला, असे पुष्कळदा घडते. पुढे टायमिंग कव्हर आणि पुलीमागचे ऑइल सील. शेवटी चेंबरचे पॅकिंग आणि ड्रेनचा नट. तेल बदलताना तोच तांब्याचा वायसर पाचव्यांदा वापरला असेल तर तो टिपकणारच, त्यात ट्रॅक्टरचा काय दोष?

दोन-तीन जागांहून एकदम तेल येत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर बघा. पिस्टनच्या कडेने थोडी हवा नेहमीच खाली उतरते आणि ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर जाते. ही नळी माती-तेलाने तुंबली, किंवा पावसाळ्यानंतर उभ्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले, की आतला दाब वाट शोधतो आणि जे सील कमजोर असेल तिथून तेल ढकलतो. नवे सीलही असा दाब फार दिवस सोसत नाही. नळी काढा, डिझेलने धुवा, तारेने मोकळी करा. ब्रीदर मोकळा असूनही तेलाच्या टोपणातून भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले आहेत. तो आजार मोठा आहे, पण निदान तो कोणता आहे हे तरी कळले.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इंजिन आणि क्लच यांच्या मधल्या सांध्यापाशी. पुष्कळ ट्रॅक्टरांना क्लच हाउसिंगच्या तळाशी एक लहान भोक असते, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते. तिथून तेल आले की मिस्त्री सांगतो, "मागचं सील गेलं, ट्रॅक्टर तोडायला लागेल." म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे. दोन-तीन दिवसांचे काम आणि मजुरीही तशीच. कधी ते खरेही असते, आणि तेव्हा ते टाळू नये, कारण तेल क्लच प्लेटवर गेले की क्लच घसरू लागतो. पण आधी रंग बघा. तेल मधासारखे असेल तर ते गिअरबॉक्सकडचे, क्रँकच्या सीलचा तिथे संबंध नाही. काळे असेल तर टॅपेट कव्हरची मागची बाजू बोटाने पुसून बघा. तिथले तेल इंजिनाच्या पाठीवरून सरळ खाली उतरते आणि हुबेहूब मागच्या सीलसारखे दिसते. एका पॅकिंगच्या कामासाठी अख्खा ट्रॅक्टर उघडला तर ते रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे होईल. आमचे सांगणे एवढेच, की पाना लावण्याआधी मिस्त्रीला म्हणा, "दादा, ओली जागा दाखवा." चांगला मिस्त्री यावर रागावत नाही, उलट तो आधीच कापड घेऊन पुसत असतो.

दुरुस्तीतही दोन पथ्ये पाळा. नट जोर लावून आवळला म्हणजे गळती थांबते हा समज चुकीचा आहे. पत्र्याचे झाकण वाकते, बुचाचे पॅकिंग फाटते, आणि पुढच्या वेळी जास्त गळते. दुसरे म्हणजे सिलिकॉनची पेस्ट भाकरीवर लोणी थापावी तशी थापू नका. आत निघालेले तिचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइल सील बदलताना शाफ्टवर चर पडली आहे का ते नखाने बघा. चर खोल असेल तर त्यावर नवे सीलही गळेल.

हा प्रश्न एकट्या मालकाच्या खिशाचा नाही. खाचरात साचलेल्या पाण्यावर गळके तेल इंद्रधनुष्यासारखे पसरते. पाण्याला वरून मिळणारी हवा त्या तवंगाने अडते आणि त्यातले मासे, मुठे, किडे-जीव आधी जातात. गरम सायलेन्सरवरचे तेल आणि शेजारी सुका पेंढा एकत्र आले तर आगीला निमित्त पुरते. वापरलेले काळे ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीकाठी ओतणे तर नकोच. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. डबे भरून ठेवा आणि परवानाधारकाकडे तेल देणाऱ्या वर्कशॉपला द्या. एमआयडीसीच्या सांडपाण्यावर आपण बोट दाखवतो आणि ते दाखवलेच पाहिजे, पण आपल्या शेडातला डाग झाकून नव्हे.

आता थोडे कारभाऱ्यांसाठी. आपल्याला ट्रॅक्टर नवा नाही. शेजारच्या कांदिवलीत १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे ट्रॅक्टर बनू लागले त्याला आता अनेक दशके झाली. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टरचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक असे अभ्यासक्रम आहेत. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून २०१४-१५ पासून यंत्र घ्यायला अनुदान मिळते. पण घेतलेले यंत्र पंधरा-वीस वर्षे धडधाकट ठेवायची विद्या गावात कोण आणणार? मोटारी आणि दुचाक्यांची गॅरेजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात, लहान ट्रॅक्टरचा जाणकार मात्र शोधावा लागतो. कृषी विभागाने आणि महापालिकेने मिळून दर मे महिन्यात २७ गावांसाठी एक दिवसाचे तपासणी शिबिर भरवावे, त्याला आयटीआयची मुले आणि त्यांचे शिक्षक बोलवावेत. पाण्याचा नळ, चार पुठ्ठे आणि पावडरचा डबा यापलीकडे फार काही लागत नाही. मुलांना हाताला काम मिळेल आणि शेतकऱ्याला निदान.

शिबिर होईल तेव्हा होईल. पाऊस कोणाच्या फायलीसाठी थांबत नाही. या रविवारी ट्रॅक्टर सपाटीला उभा करा, धुवा, पट्टी बघून पातळी वहीत लिहा आणि खाली पुठ्ठा टाका. सोमवारी सकाळी तो पुठ्ठा बघा. तो कोरा निघाला तर निश्चिंत मनाने चिखलणीला लागा. डाग दिसला तर वर बघत जा, ओली जागा सापडेल. आवण तयार व्हायला अजून दिवस आहेत, तोवर पॅकिंग बदलून होते.