अब्रूच्या भाषेत तक्रार लिहिता येत नाही

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लातूरच्या 'ट्यूशन एरिया'त सायंकाळी उभे राहून पाहावे. मुखेड, किनवट, अहमदपूर, उदगीर अशा ठिकाणांहून आलेले आईबाप या क्लासमधून त्या क्लासमध्ये फिरत असतात. मागच्या वर्षी किती मुले 'लागली', टेस्ट सिरीज किती, फी किती हप्त्यांत, मेसमध्ये भाकरी मिळते का, हे सारे ते बारकाईने विचारतात. नांदेडच्या भाग्यनगरात चित्र वेगळे नाही. मात्र वसतिगृहाच्या खोलीची दुसरी किल्ली कुणापाशी असते आणि 'डाऊट' सोडवण्यासाठी मुलीला एकटीला कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत बोलावले जाते, हे दोन प्रश्न विचारणारा पालक आम्हांला अजून भेटायचा आहे. ज्या प्रदेशाने आपला 'पॅटर्न' राज्याला शिकवला, त्या प्रदेशातल्या पालकांची ही चौकसबुद्धी नेमकी इथेच का थबकते?

हा प्रश्न वायफळ नाही. जून २०२५ मध्ये बीड शहरात 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका अल्पवयीन विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून खासगी शिकवणीतल्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. बीड आपल्यापासून दूर नाही. पण त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये जी चर्चा झाली तीत 'बिचारीचे वर्ष वाया गेले' हे वाक्य सर्वाधिक वेळा उच्चारले गेले. असो.

साहित्याच्या अभ्यासकांना यात काय करायचे आहे, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाचा निम्मा भाग भाषेचाच आहे. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचारासाठी आपल्या वृत्तपत्री आणि घरगुती मराठीत कोणते शब्द आहेत ते पाहा : अतिप्रसंग, गैरप्रकार, अश्लील चाळे, 'नको ते'. यांतल्या एकाही शब्दातून मुलाच्या शरीराला काय झाले हे कळत नाही. कळते ते एवढेच की बोलणाऱ्याला संकोच वाटतो आहे. दुसऱ्या टोकाला 'नराधम' हा शब्द तयार असतो. तो उच्चारला की आपण सुटलो! नराधम हा आपल्यातला नसतोच. तो वर्गशिक्षक नसतो, वसतिगृहाचा अधीक्षक नसतो, दिवाळीला घरी फराळाला येणारा नसतो. आणि या दोन टोकांच्या मधली सारी जागा 'अब्रू' या एका शब्दाने व्यापलेली आहे. अब्रू मुलीची, अब्रू घराची, अब्रू संस्थेची. 'मॅडम, पोरीचं लग्न व्हायचंय, नाव निघू देऊ नका,' असे हात जोडून सांगणारी आई आणि 'संस्थेची बदनामी करू नका' असे दरडावणारा संस्थाचालक यांचा शब्दकोश एकच आहे, हे आमच्या टीकाकारांच्या ध्यानात कसे येत नाही?

या कोशातून मुलगे तर सर्वस्वी गळालेले आहेत. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे ५३.२२ टक्के मुलांनी सांगितले, आणि अशा मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलग्याची अब्रू जात नाही अशी आपली समजूत. तेव्हा त्याची तक्रारही नसते.

बदलापूरकडे पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेतल्या दोन बालवाडीच्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल गाड्या दिवसभर थांबल्या, आणि मगच उच्च न्यायालयापर्यंत सारे जागे झाले. पालकांचे मूळचे प्रश्न साधे होते : मुलींच्या स्वच्छतागृहापाशी बाई का नव्हती? कॅमेऱ्यांचे चित्रण कुठे गेले? शाळेने पोलिसांना का कळवले नाही? पण रुळांवरच्या गर्दीत एकच घोषणा मोठी झाली, फाशीची. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने ठार झाला, काहींनी पेढे वाटले, 'बदला पुरा' असे फलक लागले. आता प्रमुख आरोपीचा खटला उभा राहणारच नव्हता. ज्या आईने तक्रार दिली तिला न्यायालयात उलटतपासणीनंतरचा निकाल ऐकायला मिळाला नाही; तिला फलक मिळाला. या चकमकीचे समर्थन करणाऱ्या आमच्या मराठी प्राध्यापक मित्रांना आम्ही विचारतो : शाळेने न कळवण्याचा गुन्हा त्या गोळीने कसा मिटला?

कायदा मात्र अब्रूची भाषा बोलत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याचे कलम १९ असे सांगते की, गुन्हा घडल्याची माहिती असो वा घडेल अशी भीती असो, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला ती एक वर्षापर्यंत होऊ शकते. ज्या आईला नावाची धास्ती आहे तिला कुणी सांगितले आहे का, की कलम २३ प्रमाणे मुलाचे नावच काय, शाळेचे नावही माध्यमांना छापता येत नाही? मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा आहे. खोट्या तक्रारीत निरपराध शिक्षक भरडला जाईल, ही सहकाऱ्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. दुष्ट हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीसाठीही त्याच कायद्यात कलम २२ आहे. पण त्या भीतीपोटी मुलांची तोंडे बंद ठेवणे आम्हांला मान्य नाही.

राहिल्या समित्या. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. राज्याच्या मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने 'सखी सावित्री' समित्या आल्या. खासगी शाळांतल्या पालक-शिक्षक संघाला २०११ च्या कायद्याने स्थान दिले ते शुल्क ठरवण्यासाठी, आणि फीच्या प्रश्नावर हेच पालक किती खणखणीत बोलतात! त्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे की सखी सावित्रीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि इतिवृत्त कुठे आहे.

आमच्या वाट्याचे कामही आहे. नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी बिनधास्त प्रश्न विचारण्याचा वारसा सांगायचा आणि व्यावहारिक मराठीच्या तासाला रजेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, निमंत्रणपत्रिका एवढेच शिकवत राहायचे, याची आम्हांला लाज वाटू लागली आहे. म्हणून यंदा आम्ही वर्गात फिर्याद लिहायला दिली : दिनांक, वेळ, जागा, काय घडले ते साध्या क्रियापदांत, विशेषणे वगळून. पहिल्या दिवशी निम्म्या कागदांवर 'अतिप्रसंग' होता. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, "सर, अर्जदार म्हणून नाव कुणाचं लिहायचं? बापाचं?"

कलम १९ फळ्यावर लिहून आम्ही त्यातल्या 'कोणतीही व्यक्ती' या दोन शब्दांखाली रेघ ओढली.