माशाने संकट घेतलं म्हणे!

परवा पुण्याला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "अरे, टँकमधला मोठा गोल्डफिश गेला. जाऊ दे, घरावरचं काहीतरी संकट त्याने स्वतःवर घेतलं." वर्षभरातला हा पाचवा. म्हणजे आमच्या घरावर वर्षाला पाच संकटं येतात आणि सगळी मासेच झेलतात!

हसू आलं खरं, पण टिकलं नाही. पीएच.डी. करताना इथे अमेरिकेत मीही टँक आणला होता. त्याच दिवशी आठ मासे सोडले, दहाव्या दिवशी टँक रिकामा. दिवसभर लॅबमध्ये सांडपाण्यातला अमोनिया मोजणाऱ्या मी घरचं पाणी एकदाही तपासलं नव्हतं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टँकमध्ये जाणार कुठे? काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार मात्र टँक आणि मासे एकाच दिवशी गळ्यात मारतो.

आणि आपली स्वच्छतेची हौस! रविवारी सगळं पाणी ओतायचं, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा. नळाच्या क्लोरीनने कल्ले भाजतात आणि ती फौजही मरते. पाणी आरशासारखं दिसतं, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पीएच ७ चा ८ झाला तर त्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो.

"मासे नाजूकच असतात" हे दुसरं पालुपद. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षं सहज जगतो. रोमने २००५ साली गोल वाडग्यात मासे ठेवायला बंदी केली. आपल्याकडे तोच वाडगा वास्तुदोषावरचा उपाय म्हणून विकला जातो.

उपाय साधे आहेत. आठवड्याला पाव पाणी बदला, तेही एक दिवस उघडं ठेवलेलं. (इथे आमच्या नळाला क्लोरामाइन असतं, ते असं उडून जात नाही, औषधच घालावं लागतं.) स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. खाणं चिमूटभर.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे मीच मारले म्हणायचं का?"

हो. पाच तू, आठ मी. संकटाच्या नावावर खपवलं की आपण सुटतो, आणि पुढच्या रविवारी त्याच पाण्यात सहावा येतो.