बंब येईपर्यंतची दहा मिनिटे कोणाची?

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. कारखान्यातच राहणारे मालकाचे कुटुंब आणि कामगार मिळून ८ जण गेले. त्याआधी ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिलाईचे दुकान पेटले, धूर वर चढला आणि एकाच घरातले ७ जण गुदमरून मेले. ही तर मोठी शहरे. मग जिथे नगरपालिकेकडे एखादाच बंब आणि मोजके फायरमन आहेत, अशा आपल्या गावांचे काय?

आपल्या मोहल्ल्यात आग लागली की होते काय, ते आपण सगळे जाणतो. आरडाओरडा होतो, मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून पुकारा होतो आणि पाच मिनिटांत पन्नास पोरे बादल्या घेऊन हजर. हिंमतीत कमी नाहीत. पण मेन स्विच बंद न करताच पाणी मारतात, तोंडाला रुमाल बांधून धुरात शिरतात. रुमालाने विषारी वायू अडत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. बंब येतो तेव्हा हीच गर्दी त्याची वाट अडवते.

याच पोरांना शिस्त लावून काय करता येते, ते जर्मनीत दिसते. तिथे पगारी दले मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. छोटी गावे सांभाळतात ते सुमारे १० लाख स्वयंसेवक. मधल्या आकाराच्या गावांत गाड्या-साहित्याची निगा राखायला आणि पहिली गाडी काढायला थोडी पगारी माणसे असतात, बाकी सुतार, शिक्षक, दुकानदार. पेजर वाजला की हातातले काम टाकून निघायचे. मालकाने त्या वेळेचा पगार कापायचा नाही, खाजगी मालकाला त्याची भरपाई गावाची पालिका देते. भरती झाल्यावर आधी सुमारे ७० तासांचे प्रशिक्षण. श्वसनयंत्र लावून धुरात जायचे तर वेगळे प्रशिक्षण आणि डॉक्टरी तपासणी. शाळकरी मुलांसाठी बालपथकेही आहेत, पुढचे स्वयंसेवक बरेचदा त्यातूनच येतात.

म्हणजे तिथे सेवा फुकट असली तरी तिची व्यवस्था फुकट नाही. गणवेश, श्वसनयंत्र, विमा, प्रशिक्षण हा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. आपल्याकडे हाच मुद्दा निसटण्याची भीती आहे. 'स्वयंसेवक आहेत ना' म्हणून रिकाम्या जागा भरायच्याच नाहीत, असे झाले तर तो आपल्या पोरांच्या जिवाशी खेळ ठरेल. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांत घातली आहे. राज्यांची अग्निशमन दले सुधारण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजनाही आणली. त्यातले आपल्या गावाला काय मिळाले, हे विचारणे आपला हक्क आहे.

स्वयंसेवकांसाठी रस्ता अगदीच नवा नाही. 'आपदा मित्र' योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख तरुणांना १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरले होते. आपल्या वॉर्डातले किती तरुण त्यात गेले? आपण किती जणांना पाठवले?

आमचे म्हणणे साधे आहे. आगीत शिरण्याचे काम पगारी, प्रशिक्षित जवानांचेच राहावे आणि त्यांच्या जागा भराव्यात. पण बंब येण्याआधीची दहा मिनिटे मोहल्ल्याची असतात. दर मोहल्ल्यात दहा-पंधरा तरुण असे हवेत, जे वीज तोडतील, सिलिंडर बाहेर काढतील, म्हाताऱ्यांना-लेकरांना खाली आणतील, गर्दी हटवतील आणि बंबाला नळाचा पॉइंट दाखवतील. त्यांचा सराव फायरमनने घ्यावा, वर्षातून दोनदा आणि तोही शाळेच्या मैदानावर. आम्ही शिक्षक मुले आणि मैदान द्यायला तयार आहोत.

एक काम मात्र नगरपालिकेवर ढकलता येणार नाही. गल्लीत पुढे आलेले ओटे, दारातल्या मोटरसायकली, जिन्याखाली भरलेला माल हा आपलाच आहे. बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला तर दोष कोणाला देणार? या जुम्याला नमाजानंतर घरी जाताना आपली गल्ली एकदा त्या नजरेने पाहू या.